बेथलेहेममध्ये मुक्काम: भिंतीपलीकडच्या ख्रिस्ती समाजाला भेटू इच्छिणाऱ्यांसाठी

वसईहून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या बहुतेक सहली बेथलेहेमला जेमतेम अर्धा दिवस देतात. माणसे ख्रिस्तजन्माच्या बॅसिलिकेतील भुयारात उतरून चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावतात, ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्ती विकत घेतात आणि संध्याकाळपूर्वी जेरुसलेमच्या हॉटेलात परततात. २०२३ च्या उपवासकाळात आम्ही काही जणांनी हा क्रम मुद्दाम बदलून बेथलेहेमला लागूनच असलेल्या बैत साहूर गावात मुक्काम केला. १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात असलेल्या या वेस्ट बँक प्रदेशातील ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेच्या आधारे या ताब्याचा न्याय कसा करतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्याची आमची इच्छा होती.

जेरुसलेमच्या दमास्कस दरवाजाजवळील अरब बसस्थानकावरून आम्ही २३१ क्रमांकाच्या बसने बेथलेहेमला गेलो. ही बस शनिवारी, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या विश्रामाच्या दिवशीही धावते. २३४ क्रमांकाची बस मात्र ‘चेकपॉइंट ३००’ या तपासणी नाक्यापर्यंतच जाते आणि पुढे नाका पायी ओलांडावा लागतो. माझ्या मते प्रत्येक यात्रेकरूने एकदा तरी तो पायी ओलांडावा. इस्रायलमध्ये उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का न मारता एक लहानशी छापील चिठ्ठी देतात. ती प्रत्येक नाक्यावर लागू शकते, म्हणून पासपोर्टमध्येच जपून ठेवावी. बेथलेहेम शहर ओस्लो करारातील ‘अ’ क्षेत्रात, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाच्या अखत्यारीतील भागात, येते. तेथे इस्रायली नागरिकांना प्रवेशाची मनाई असल्याचे लाल फलक रस्त्यावर दिसतात, त्यामुळे शहरासाठी परवानाधारक पॅलेस्टिनी मार्गदर्शक आधीच ठरवलेला बरा.

इस्रायलने बेथलेहेम आणि जेरुसलेम यांच्यामध्ये उभारलेली भिंत नाक्याजवळ सुमारे आठ मीटर उंच आहे. २५ मे २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून गाडी थांबवली आणि याच भिंतीला कपाळ टेकवून प्रार्थना केली. जेरुसलेम येथून दहा किलोमीटरही नाही, परंतु तेथे जाण्यासाठी बेथलेहेमच्या ख्रिस्ती माणसाला लष्करी परवाना लागतो. झावळ्यांच्या रविवारी बेथफगेहून निघणाऱ्या मिरवणुकीत आम्ही परदेशी असून सहज सामील होऊ शकणार होतो. आमच्या यजमानीणबाईंना परवाना मिळाला होता, त्यांच्या थोरल्या मुलाला मिळाला नव्हता, आणि त्यामागचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

बैत साहूरला यात्रेकरू येतात ते येशूजन्माची वार्ता ऐकलेल्या मेंढपाळांच्या मळ्यासाठी. पण या गावाचा अलीकडचा इतिहासही तितक्याच आस्थेने विचारावा. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, १९८८ मध्ये, ख्रिस्ती बहुसंख्या असलेल्या या गावाने लष्करी प्रशासनाला कर देणे बंद केले. ज्या सत्तेत आपले प्रतिनिधित्व नाही आणि जी आपल्याच पैशावर आपल्यावरचा ताबा चालवते, तिला कर देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने गावाला वेढा घातला. तो सुमारे सहा आठवडे टिकला. फोन तोडले गेले आणि घराघरांतून, दुकानांतून सामान जप्त झाले. कैसराचे, म्हणजे रोमी सम्राटाचे, ते कैसराला द्या, हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण कैसराला कर द्यावा का, हा नाण्याचा प्रश्न येशूला ज्या देशात विचारला गेला, तो देशही परकीय सैन्याच्या अमलाखाली होता. येशूचा जन्म कैसराच्या नावनोंदणीच्या हुकुमामुळे बेथलेहेमात झाला, आणि रोमी शिपायाने वेठीस धरून एक कोस नेले तर दोन कोस जा, हे त्याने अशा वेठीचा रोजचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना सांगितले. नाण्यावर कैसराची प्रतिमा असेल, पण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणून माणसांवरचा हक्क कैसराला देता येत नाही, असा त्या वचनाचा अर्थ मला या गावात बसून अधिक पटला.

हाच विचार ११ डिसेंबर २००९ रोजी बेथलेहेममध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कैरोस पॅलेस्टाईन’ या निवेदनात आहे. वर्णभेदाविरुद्ध १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या कैरोस निवेदनापासून त्याला प्रेरणा मिळाली, आणि त्याच्या कर्त्यांत जेरुसलेमचे माजी लॅटिन पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील कॅथलिकांचे प्रमुख धर्मगुरू, मिशेल सब्बाह होते. लष्करी ताबा हे देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध पाप आहे, असे ते स्पष्ट म्हणते. हा ताबा ताबेदाराच्या ठायी असलेले देवाचे प्रतिरूपही विद्रूप करतो, हे त्यातील म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे प्रतिकार करताना शत्रूवरील प्रीती सोडता येत नाही. अब्राहामाला दिलेल्या भूमीच्या वचनाच्या आधाराने या ताब्याला देवाची संमती आहे असे मानणारे ख्रिस्ती आपल्याकडील प्रार्थनासभांतही भेटतात. त्यांनी निघण्यापूर्वी हे निवेदन वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नहालीन गावाजवळील ‘टेंट ऑफ नेशन्स’ या शेतासाठी पूर्ण दिवस राखावा. एका ख्रिस्ती कुटुंबाने १९१६ मध्ये घेतलेली ही टेकडी १९९१ मध्ये सरकारी जमीन म्हणून घोषित झाली आणि तेव्हापासून ते कुटुंब न्यायालयात लढत आहे. भोवती इस्रायली वसाहती आहेत. वीज आणि पाण्याची जोडणी नाही, म्हणून सौर ऊर्जा आणि टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी यांवर भागवले जाते. प्रवेशाजवळच्या दगडावर, आम्ही शत्रू होण्यास नकार देतो, अशा अर्थाचे वाक्य लिहिले आहे. आधी कळवून जावे, रस्ता मोठ्या दगडांनी अडवलेला असल्यास शेवटचा टप्पा चालण्याची तयारी ठेवावी, पायांत भक्कम बूट असावेत आणि शेतकामाला हात लावावा.

परतीच्या वाटेवर आम्ही इस्रायलमधील लोद शहरात एका बेने इस्रायल, म्हणजे मूळच्या मराठी ज्यू, कुटुंबाकडे गेलो. कोकणातून तेथे गेलेल्या आजी आमच्याशी मराठीत बोलल्या. त्यांचा नातू सक्तीच्या लष्करी सेवेत होता, आणि दुसऱ्या इंतिफादातील बसमधल्या बॉम्बस्फोटांची त्यांची भीती खरी होती. ती भेट मी टाळली असती तर माझे मत अपुऱ्या माहितीवर बनले असते. तरीही सहा दशकांच्या जवळ गेलेला ताबा त्या भीतीचे उत्तर होऊ शकत नाही, असेच मला वाटते. हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि त्यानंतर गाझात हजारो. त्या डिसेंबरात बेथलेहेमच्या लुथरन चर्चमध्ये गव्हाणीच्या जागी ढिगारा रचून त्यात बाळ येशू ठेवला गेला आणि तेथील पाळक मुंथर इसाक यांनी, ख्रिस्त आज ढिगाऱ्याखाली आहे, असे प्रवचन केले.

तेव्हापासून नाके आणि गावांचे रस्ते पूर्वसूचनेशिवाय बंद होतात, त्यामुळे बसमार्गांची खात्री आदल्या दिवशी करावी. भारत सरकारची प्रवाससूचना पाहावी, आणि विमा युद्धजन्य परिस्थितीत लागू होतो का, हे वाचून घ्यावे. यात्रेकरू कमी झाल्याने बेथलेहेममधील अनेक कुटुंबांचे उत्पन्न थांबले आहे. म्हणून परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा किमान दोन रात्री तेथेच राहावे, मूर्ती कारागिराच्या कार्यशाळेतूनच घ्याव्यात आणि रविवारची उपासना स्थानिक मंडळीबरोबर करावी. उपासना अरबीत असली तरी मिस्साचा क्रम ओळखीचा असतो, आणि नंतरच्या कॉफीच्या वेळी लोक आपणहून बोलतात.