पाया तीन मजल्यांचा, कॉलम दोनचे

“पाया तीन मजल्यांचा हाय म्हणून आजोबा सांगायचे की ओ.” निपाणीच्या त्या घराचं काम आमच्या नकाशे आणि स्ट्रक्चरच्या ऑफिसात आलं ते या वाक्यासकट. बेळगाव जिल्ह्यात जुन्या घरावर मजला चढवायला निघालेला जवळपास प्रत्येक मालक हे वाक्य घेऊनच येतो. बहुतेक वेळा त्याला कसलाही कागद नसतो. इथे होता, कारण सत्तरच्या दशकात त्या घराचा नकाशा आमच्याच ऑफिसातून निघाला होता. खाली तंबाखूची वखार, वर राहतं घर. नातवाला त्यावर आणखी दोन मजले हवे होते.

ट्रेसिंगची (पारदर्शक कागदावरच्या मूळ नकाशाची) गुंडाळी शाबूत मिळाली. त्यावरून काढलेल्या प्रती, म्हणजे अमोनिया प्रिंट, उजेडाने उडून जातात, शाईचं ट्रेसिंग टिकतं. म्हणून मूळ ट्रेसिंग ऑफिसबाहेर द्यायचं नाही हा इथला जुना दंडक. शीट फूट-इंचात होती: बारा कॉलम, गाळा (कॉलम ते कॉलम अंतर) १२ बाय १५ फूट, कॉलम ९ बाय १५ इंच, त्यात १६ एमएमच्या सहा साध्या सळ्या, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) ५ बाय ५ फूट, खोली ६ फूट “किंवा पक्का मुरूम लागेपर्यंत”. त्यासोबत साइटची नोंदवही. ऑफिस सुरू केलेल्या ज्येष्ठांनी ही वही पहिल्या कामापासून लावून दिली होती. नकाशात काय काढलं ते ट्रेसिंगवर, प्रत्यक्ष खड्ड्यात काय लागलं ते वहीत.

तेव्हाचं ऑफिस म्हणजे एक ड्रॉइंग टेबल आणि भिंतीवर पेलणारी घरं: जांभ्याच्या जाड भिंती, वर खानापूरची कौलं. उद्यमबागेत फाउंड्र्या वाढल्या आणि क्रेनचे गर्डर, मशिनचे पाये यांची कामं आली, तेव्हा स्ट्रक्चरचा हिशेब करणारा स्वतंत्र माणूस लागला. असा इंजिनिअर घडायला पूर्वी सांगली नाहीतर हुबळी गाठावी लागे. १९७९ मध्ये बेळगावातच इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि ऑफिसात गावचीच मुलं येऊ लागली. माती तपासण्याची खोली, कॉम्प्युटर हे सगळं नंतरचं. माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं साधन अजूनही ती वहीच आहे, आणि निपाणीला त्या दिवशी ते दिसलं.

सकाळी तीन फुटिंगच्या बाजूला चाचणीचे खड्डे घेतले. खड्डा फुटिंगला लागून घ्यायचा, पण फुटिंगच्या तळाखाली पोकळ करायची नाही, आणि शेजारशेजारचे दोन खड्डे एका वेळी उघडे ठेवायचे नाहीत. वर चार फूट काळी माती, मग मऊ मुरूम, सहा फुटांवर पहार वाजायला लागली. पहिली दोन फुटिंगं कागदाशी तंतोतंत जुळली. कोपऱ्यातल्या तिसऱ्याच्या खड्ड्यात मुरूम येईचना. दगड, चुरा, पुन्हा दगड. गवंडी म्हणाला, “ह्ये भराव हाय साहेब.” भरावावर टेकलेलं फुटिंग म्हणजे वर एक वीटही चढवायची नाही.

वहीत त्या कोपऱ्याची नोंद होती. खोदताना जुना आड लागला, गाळ उपसून तळ मुरमाला भिडवला, मग १:४:८ काँक्रीटमध्ये रबल (दगड) टाकत फुटिंगच्या पातळीपर्यंत भरून घेतलं. खोली १४ फूट. नोंदीवर विसंबून चालत नाही, म्हणून फुटिंगच्या कडेला कोअर ड्रिल लावलं, म्हणजे आतला दंडगोल नमुना (कोअर) कापून काढणारं यंत्र. कोअरमध्ये दगड आणि सिमेंट एकजीव, कुठे पोकळी नाही, खाली पक्का मुरूम. नोंद खरी निघाली. ती नसती तर तो कोपरा तोडून नव्याने बांधायचा खर्च मालकावर पडला असता.

मालकाची खरी धास्ती वेगळी होती: तळमजल्याची फरशी फुगलेली, साडेचार इंची आडभिंतींना तिरक्या भेगा. काळ्या मातीचा नमुना ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढून दहा-दहा ग्रॅम दोन मापनळ्यांत ठेवला, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल (त्यात माती फुगत नाही). चोवीस तासांनी रॉकेलात १० मिली, पाण्यात १८. म्हणजे फुगवटा ८० टक्के. ५० च्या पुढे गेला की आम्ही त्या मातीवर फरशीही थेट टाकत नाही. इथे फरशी आणि आडभिंती याच मातीवर बसलेल्या, पावसाळ्यात वर उचलल्या जायच्या, उन्हाळ्यात खाली बसायच्या. कॉलम त्या थराच्या खाली मुरमावर टेकलेले, त्यांचा या भेगांशी काही संबंध नव्हता.

मग कॉलम. रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर आपटून ताकद सांगणाऱ्या) आकडे छान दाखवले, पण जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो आणि हॅमर फसवतो. म्हणून कव्हर मीटरने (आतली सळी शोधणाऱ्या) सळ्या टाळून ७५ एमएमचे तीन कोअर काढले आणि भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने लगेच भरली. ताकद १५ ते १७ न्यूटन प्रति चौरस एमएम, म्हणजे १:२:४ इमानाने घातलेलं. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं (गुलाबी होतं तिथलं काँक्रीट सळीला अजून गंजापासून जपतं): आत गर्द गुलाबी, बाहेरचा २५ एमएमचा पट्टा रंगहीन. सळीवरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, ४० एमएम, तेव्हा सळ्या सुरक्षित. मोरीजवळच्या एका कॉलमला मात्र रंग सळीच्या आत सुरू होत होता, आणि प्लास्टर ठोकल्यावर बद्द आवाज आला.

आता हिशेब. मधल्या कॉलमवर १८० चौरस फूट स्लॅब. भिंती, फरशी, वापराचं वजन धरून मजल्याला साधारण २० टन. आज दोन स्लॅब, ४० टन. तिसरा चढवला की ६०, चौथा चढवला की ८०. फुटिंगचं क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर, मुरमाची पेलण्याची ताकद ३० टन प्रति चौरस मीटर धरली होती. फुटिंगच्या स्वतःच्या वजनासह चौरस मीटरला तिसऱ्याने २८ टन येतात, चौथ्याने ३८. म्हणजे आजोबांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं: पाया तीन मजल्यांचाच.

पण कॉलम? काँक्रीटचे ३५ टन, सळ्यांचे १५ टन, मिळून ५०. चाळीसला पुरतात, साठला नाहीत. नंतर पैसे जमतील तेव्हा वर जाऊ म्हणून पाया मोठा घालायचे आणि कॉलम गरजेपुरते ठेवायचे, अशी कितीतरी घरं चिकोडी-निपाणी पट्ट्यात उभी आहेत. शिवाय बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या (मध्यम धोक्याच्या) झोनमध्ये. इथल्या रिंगा (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या) ६ एमएमच्या, ९ इंचांवर, टोकं ९० अंशांत वळवलेली. धक्क्यात कव्हर निखळलं की अशी रिंग उघडते. आजचं मानक टोक १३५ अंशांत आत वळवायला आणि जोडाजवळ रिंगा दाट घ्यायला सांगतं. त्यात खाली वखार, मोठी दारं, भिंती कमी, म्हणजे तळमजलाच सगळ्यात लवचीक, धक्क्यात कमजोर.

चौथा स्लॅब आम्ही तिथेच नाकारला. तिसऱ्यासाठी जॅकेटिंग (जुन्या कॉलमभोवती सळ्या आणि काँक्रीटचा नवा थर), आणि तेही बाराच्या बारा कॉलमना. एकाच बाजूचे कॉलम जाड केले तर भूकंपात इमारत पिळवटते. एका वेळी एकच कॉलम घ्यायचा, त्याआधी दोन्ही स्लॅबना टेके थेट जमिनीपर्यंत. प्लास्टर आणि ऑइलपेंट पूर्ण काढून काँक्रीट टाचून खडबडीत करायचं. डॉवेलची (जुनं-नवं काँक्रीट जोडणाऱ्या आखूड सळ्यांची) भोकं ब्रश आणि हवेने साफ केल्याशिवाय इपॉक्सी भरायचं नाही. धूळ राहिली तर डॉवेल हाताने निघतो, हे आम्ही दुसऱ्यांच्या कामांत पाहिलंय. चारी बाजूंनी किमान १०० एमएम जाडी, काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा निदान ५ न्यूटनने जास्त, खडी १० एमएमची, नाहीतर सळ्यांमागे पोकळ्या राहतात. उभ्या सळ्या फुटिंगमधून निघून स्लॅबला भोक पाडून वर गेल्या पाहिजेत. जॅकेट तुळईखाली संपवलं तर वरचं वजन त्याच्यात उतरतच नाही. घाईत याच जागी हात आखडता घेतला जातो, म्हणून स्लॅबच्या भोकांची तपासणी झाल्याशिवाय शटरिंग बंद करायला आमची सही नाही.

नव्या मजल्याच्या भिंती एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या). ५,००० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे पाच टन. ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता चार कॉलमच्या डोक्यावर तुळया टाकून. फुगलेली फरशी उखडून खालची काळी माती दोन फूट काढून मुरूम भरायचा. हे सगळं नव्या शीटवर आलं, आडाची नोंद खोलीसकट नकाशात चढवली, आणि शीटच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीत मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलं: फुटिंगवर नव्या मजल्यासह भार २८ टन प्रति चौरस मीटर, मर्यादा ३०, यावर आणखी स्लॅब टाकू नये.