लांब लगाम

नागपूरच्या काटोल रोडला एका फार्मवर मी पोरांना घोडेस्वारी शिकवतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला खोगीर चढवायचं, आठच्या आत घोडे सावलीला. मग खरारा, नालबंदाची वाट बघणं आणि पालकांचे फोन. पालकांबद्दल न बोललेलं बरं, पण ही गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही.

मुलगी संत्रा बागायतदाराची, अकरावीतली, शो जंपिंगमध्ये तयार होत आलेली. जोडअडथळ्यात, म्हणजे लागोपाठच्या दोन उड्यांत, घोडा अडला, ती मानेवरून पुढे गेली आणि कॉलरबोन मोडलं. एका स्ट्राइडच्या, म्हणजे घोड्याच्या एका ढांगेच्या, जोडीत साधारण 24 फूट अंतर असतं: उतरायला सहा, मधला स्ट्राइड बारा, पुढच्या उडीला सहा. घोडा आखूड उतरला. तिथे पायाने दाबून घोड्याला पुढे काढायचं असतं, तिने लगाम धरला.

हाड जुळलं, पण त्यानंतर अडथळा जवळ आला की तिची बोटं मिटायची. हात हलायचे नाहीत, फक्त बोटं. तेवढं घोड्याला पुरतं. तो थांबायचा आणि बघणारे म्हणायचे, घोडा बिघडला. अहो, सांगितलेलं ऐकणाऱ्या घोड्याला बिघडलेला कसं म्हणता?

मी ड्रेसेज सुचवलं: उड्या नाहीत, मैदानात ठरलेल्या अक्षरांपाशी ठरलेल्या चाली अचूक करून दाखवायच्या. वडील म्हणाले, "सर, उड्याच नाही मारायच्या तर घोडा कायले? वरातीत नाचवायचा हाय का?" 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीतलं सुवर्ण 41 वर्षांनी मिळालं ते ड्रेसेजच्याच संघाला, आणि त्या संघातली सुदीप्ती हजेला इंदूरची, हे सांगितल्यावर ते जरा नरमले.

मैदान मात्र मी हौसेने केलं. आमची काळी माती पावसात खुराला धरून नाल उपटते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात. शहरातले जाणकार सांगतात, शेतातच चुना मारा. त्यांनी एकदा जुलैत येऊन बघावं. मुरूम टाकून रोलर फिरवला, पाण्याला उतार दिला, वर रेती. 20 बाय 40 मीटर. रंगाच्या रिकाम्या बादल्यांवर अक्षरं काढली आणि के, एच, एम, एफ कोपऱ्यापासून बरोबर सहा मीटरवर ठेवली. टेप मीच धरला, कारण अंदाजे ठेवलेल्या अक्षरांवर शिकलेलं पोरगं स्पर्धेत गंडतं.

तिला ते मानवलं. कोणत्या अक्षराला काय करायचं ते आधीच ठाऊक. सीट बसली, वर्तुळं गोल यायला लागली. मग एका क्लबच्या छोट्या स्पर्धेला नेलं. जजच्या शीटवर दहापैकी ट्रॉटला, म्हणजे दुडकीला, 7, वर्तुळाला 6.5, आणि फ्री वॉकला 4. बऱ्याच सुरुवातीच्या टेस्टमध्ये फ्री वॉकचे गुण दुप्पट धरतात, म्हणजे फटकाही दुप्पट. त्यात तिरक्या रेषेवर घोड्याला लगाम सोडून द्यायचा असतो, मान खाली, पुढे लांबवू द्यायची असते. शेरा होता: लगाम दिलाच नाही. अडथळा नाही, वेग नाही, नुसती चाल. आणि बोटं मिटलेली.

आमचा सईस, घोड्यांची देखभाल करणारा, म्हणाला, "पोरगी उडीले नाही भेत सर, लगाम सोडाले भेते."

मला ते पटलं होतं. पण सराव संपला की ती बांधावरून विहिरीपर्यंत जायची तेव्हा लगाम पार टोकाला, बकलाशी धरलेला, घोडा नाक जमिनीला लावून फुरफुरतोय. मग मैदानात काय होतं? सी जवळ, जजच्या जागी, सईसाला खुर्ची टाकून बसवलं. तिने लगाम दिला. दुसऱ्या दिवशी वडील आले होते, त्यांना बसवलं. त्यांनी सवयीने मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलं. एक्स, म्हणजे मैदानाचा मध्य, यायच्या आधीच बोटं मिटली.

स्पर्धेत ते सी च्या मागेच उभे होते. पडली त्या दिवशीही जोडअडथळ्यासमोर तेच, मोबाइल घेऊन. माणूस वाईट नाही, पोरीसाठी जीव टाकतो. आणि हाड खरंच मोडलं होतं, ती भीती काही मोबाइलने आणलेली नाही. किती कशाचं, हे मला अजून वेगळं काढता येत नाही.

आता स्पर्धेला भोपाळला जायचंय. ट्रक ठरला, कडबा भरायचाय. काल वडिलांचा फोन आला: सर, व्हिडिओ कुठून चांगला येईल? फी तेच भरतात, ट्रकचं भाडंही त्यांचंच. सांगतो म्हणालो.