गिरणीचा सूर

आईनं खोलीचं दार ढकललं, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "एवढ्या रात्री गिरण कुणी चालू केली रे?"

हेडफोनची वायर तुटली होती म्हणून मी स्पीकरवर लावलं होतं. डार्कथ्रोन हा नॉर्वेचा ब्लॅक मेटल (हेवी मेटलचीच एक कर्कश, अंधारी शाखा) बँड, त्यांचा 1994 सालचा 'ट्रान्सिल्व्हानियन हंगर' हा अल्बम, आणि त्यातलं पहिलं, त्याच नावाचं गाणं. सहा मिनिटं एकसारखं घरघरतं. हे गाणं आहे, असं मी आईला सांगितलं. तिनं आणखी थोडं ऐकलं. "दळण सरत आलंय वाटतं," म्हणाली आणि गेली.

तिचं हे परीक्षण मला अजून खोडता आलेलं नाही.

लहानपणी डबा घेऊन गिरणीत नंबर लावणं हे माझं काम होतं. तिथं पहिली पाच मिनिटं नुसता गोंगाट असायचा. मग कान बसायचा. पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना टप् वाजायचा, तो ठेका. मोटरची गुणगुण खाली. आणि या दोन्हींच्या मधून कुठून तरी एक चाल वर यायची, जी कुणीच म्हणत नसायचं. गहू संपून ज्वारी पडली की चाल बदलायची. गिरणीवाले काका भुवयांपर्यंत पांढरे, फक्त डोळे काळे. त्यांना काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलेलंही पिठातून गाळून आल्यासारखं ऐकू येई.

पुढं कॉलेजात एका मित्रानं ब्लॅक मेटलवाल्यांचे फोटो दाखवले. पांढरा फासलेला चेहरा, डोळ्यांभोवती काळं, प्रेतासारखं दिसण्यासाठी केलेली रंगरंगोटी. मी घाबरावं अशी त्याची अपेक्षा होती. मला काका आठवले. तेव्हापासून या संगीताची जी काही दहशत वाटायला हवी ती मला कधी वाटलीच नाही, याबद्दल सच्च्या चाहत्यांची क्षमा मागतो.

डार्कथ्रोन मूळचे कोल्बोट्नचे. ओस्लोच्या दक्षिणेचं हे उपनगर. अल्बमच्या मुखपृष्ठांवरून वाटतं की ही माणसं बर्फाळ अरण्यात गुहेबिहेत राहत असावीत. प्रत्यक्षात हे लोकलनं ओस्लोला कामाला जाणाऱ्यांचं गाव. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला आमुंडसेन जवळच, त्या वेळच्या त्याच नगरपालिकेच्या हद्दीत राहायचा, आणि त्याच्या घराच्या परिसराचं नाव स्वार्तस्कोग, म्हणजे काळं जंगल. तेव्हा बर्फ आणि अंधार यांची परंपरा तिथं अगदीच नव्हती असं नाही.

1986 मध्ये सुरू झालेल्या या बँडनं आधी वाट धरली डेथ मेटलची, म्हणजे हेवी मेटलच्याच आणखी एका, जड शाखेची. पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' 1991 साली ब्रिटनच्या पीसव्हिल कंपनीनं काढला. तो ध्वनिमुद्रित झाला स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत. स्वीडनचं डेथ मेटल जिथं घडत होतं ती ही जागा, म्हणजे त्या काळची नामांकित गिरणी. गुंतागुंतीचे तुकडे, अचानक वळणं, वाजवणाऱ्यांचा हात पक्का. दुसऱ्या अल्बमचीही त्याच धाटणीतली तयारी सुरू होती. आणि मध्येच या पोरांचं मन ब्लॅक मेटलकडं फिरलं. ती तयारी त्यांनी तशीच टाकून दिली (तालमीतलं ते ध्वनिमुद्रण पुढं 1996 मध्ये 'गोटलॉर्ड' म्हणून बाहेर आलं) आणि 1991 च्या ऑगस्टमध्ये कोल्बोट्नच्याच एका स्टुडिओत जाऊन भलतंच काहीतरी मुद्रित करून आणलं. गिटार पातळ आणि कोरडी, ढोल लांबून वाजल्यासारखे, गळा घसा फाडून ओरडणारा.

कंपनीनं डोक्याला हात लावला. डेथ मेटलचा करार केला होता, आणि हातात हे आलं. छापायला ते राजी नव्हते. तेव्हा बँडनं सांगितलं की आम्ही ओस्लोतल्या युरोनिमसच्या कंपनीकडून काढू. युरोनिमस म्हणजे मेहेम या बँडचा गिटारवादक, त्या वर्तुळातला पुढारी. मग पीसव्हिल नमली आणि 1992 च्या सुरुवातीला 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' आला. नीट ऐकलं तर त्यात जुन्या डेथ मेटलची हाडं अजून हाताला लागतात, कातडं तेवढं बदललंय. कंपनीला नको असलेली ही रेकॉर्ड आज ओस्लोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, देशाचा सांस्कृतिक इतिहास मांडणाऱ्या कायमच्या प्रदर्शनात ठेवली आहे. आपल्या घरी जी ताटली बाद म्हणून माळ्यावर जाते तीच पाहुण्यांना पुढं कौतुकानं दाखवतात, तसं काहीसं.

बँडमधली माणसं मात्र कमी होत गेली. बेसवाला दाग निल्सन 'ब्लेझ'पाशी सुटला. 1993 च्या 'अंडर अ फ्युनरल मून'नंतर दुसरा गिटारवादक झेफिरस गेला. उरले दोघं, ते आजतागायत दोघंच: ढोल आणि बरंच काही सांभाळणारा फेनरिझ, आणि गळा व गिटार सांभाळणारा नॉक्टर्नो कुल्टो.

आता माझ्या आवडीचा भाग. 'ट्रान्सिल्व्हानियन हंगर'च्या वेळी फेनरिझनं स्टुडिओची पायरीच चढायची नाही असं ठरवलं. त्याच्याकडे फोर-ट्रॅक नावाचं यंत्र होतं. साधी कॅसेट चालते त्यावर. आपल्या कॅसेटला दोन बाजू असायच्या, एका बाजूला दोन आणि उलटल्यावर दोन असे एकूण चार पट्टे. हे यंत्र ते चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतं. म्हणून कॅसेट उलटायची सोय नाही, पण चार वेगवेगळे आवाज एकावर एक रचता येतात. चारच. प्रत्येक पट्टा एका मिलिमीटरपेक्षा अरुंद, त्यामुळं आवाजाबरोबर फितीची सूं सूं आलीच. 1993 च्या अखेरीस त्यानं एकट्यानं ढोल वाजवले, गिटार वाजवली, बेस वाजवला. मग नॉक्टर्नो कुल्टोनं येऊन गळा दिला. जागेचं नाव ठेवलं नेक्रोहेल स्टुडिओ. प्रेत, नरक, काय काय. घर होतं ते.

थोडक्यात त्यानं गिरणीत जायचं सोडलं आणि घरघंटी आणली.

आता अल्बम कसा वाजतो ते सांगतो. ढोल एकाच चालीनं, जवळजवळ न थांबता. फेनरिझला ढोलावर करामती येत नव्हत्या म्हणावं तर पहिला अल्बम पुराव्याला आहे. त्या त्यानं मुद्दाम काढून टाकल्या. गिटारची एकेक तार इतक्या वेगानं छेडायची की सुटे सुटे ठोके न राहता एक सलग धार व्हावी. ती धार चार-पाच स्वरांत वरखाली होत राहते. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, सगळं सारखंच आहे. दहाव्या मिनिटाला कान बसतो आणि धारेच्या आतून एक दुखरी, थंड चाल वर येते. ती नेमकी कुठल्या वाद्यावर आहे ते सांगता येत नाही. हीच ध्वनिमुद्रणं उद्या कुणी धुऊनपुसून, आवाज भरदार करून ऐकवली तर काय होईल? प्रत्येक ठोका सुटा कळेल, आणि ती चाल पळून जाईल अशी माझी खात्री आहे. खरखर हीच तिची जागा आहे.

जात्याचे दगड गुळगुळीत झाले की धान्य नुसतं फिरतं, पीठ पडत नाही. मग टाकी लावून घ्यावी लागते. छिन्नीनं दगड पुन्हा खरबरीत करायचा. आजी टाकीवाल्याची वाट बघायची ते आठवतं. चांगला गुळगुळीत झालेला दगड ठोकून बिघडवतायत असं मला वाटायचं.

पण याच अल्बममध्ये एक खडा आहे, आणि तो दाताखाली येतोच. मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' अशा अर्थाचे शब्द छापले होते. सोबतच्या पत्रकात ज्यूंबद्दल हीन मजकूर होता. आठांपैकी चार गाण्यांचे शब्द वार्ग विकेर्नेसचे, जो तेव्हा युरोनिमसच्या खुनाच्या आरोपाखाली कोठडीत होता आणि 1994 मध्ये त्याला खून आणि चर्च जाळल्याबद्दल 21 वर्षांची शिक्षा झाली. ओरड झाल्यावर बँडनं माफी मागितली, पण तिच्यातला खुलासा, की आमच्याकडच्या पोरांच्या बोलीत 'ज्यू' हा शब्द असाच वापरतात, गुन्ह्याइतकाच लाजिरवाणा होता. पुढच्या वर्षीच्या 'पान्झरफाउस्ट'मध्ये मग त्यांनी छापलं की आम्ही नाझी नाही, राजकीय बँडही नाही. आणि हे छापलं कुठं, तर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाडाभेदी अस्त्राचं नाव दिलेल्या अल्बमवर! फेनरिझनं त्या सगळ्याबद्दल नंतर पश्चात्ताप व्यक्त केला. ते शब्द पुढच्या छपाईतून गेले. मी अल्बम ऐकतो, आणि ते शब्द तिथं होते हे विसरत नाही. यापेक्षा सोयीचा मार्ग मला सापडलेला नाही.

नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवर कुणीही बोलायला लागलं की गाडी तिकडंच जाते: जळलेली चर्च, खून, तुरुंग. त्या गुन्हेगारांच्या यादीत डार्कथ्रोनच्या या दोघांची नावं नाहीत. त्यांची गोष्ट यामुळंच सांगायला अवघड, कारण त्यात पुढं काही घडतच नाही. फेनरिझ टपालखात्यात नोकरीला राहिला. नॉक्टर्नो कुल्टो शिक्षक झाला. टपाल आणि शाळा! आपल्याकडचा वधूपिता डोळे मिटून हो म्हणेल. वर्षानुवर्षं त्यांनी जाहीर कार्यक्रम केलेले नाहीत, मोठ्या महोत्सवांना नाही म्हणतात. 2016 मध्ये बातमी आली की फेनरिझ गावच्या नगरपरिषदेवर बदली सदस्य (कुणी गैरहजर असलं तर त्याच्या जागी बसणारा) म्हणून निवडून आला आहे. पक्षानं यादीत नाव घालायला सांगितलं, त्याला वाटलं आपण तळाशीच राहू. प्रचाराला त्यानं फोटो काढला तो मांजर कुशीत घेऊन, आणि आवाहन केलं, कृपया मला मत देऊ नका. लोकांनी दिलं.

कामावरून यायचं, जेवायचं, आणि मग घरात किंवा तालमीच्या जागेत दोघांनी मिळून ध्वनिमुद्रण करायचं. दर दोनेक वर्षांनी एक अल्बम. 2005 च्या सुमाराला त्यांनी पुन्हा स्वतःचं यंत्र घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं नेक्रोहेल 2. त्यानंतर 2006 च्या 'द कल्ट इज अलाइव्ह'पासून संगीतात पंक शिरलं, मग जुनं हेवी मेटल, मग संथ, जड ठेके. अलीकडचे, 2021 चा 'इटर्नल हेल्स' आणि 2022 चा 'अ‍ॅस्ट्रल फोर्ट्रेस', मला उतारवयातल्या मित्रांच्या संध्याकाळच्या फेरीसारखे वाटतात. पाय हळू, गप्पा लांब. या अल्बमसाठी ते ओस्लोतल्या एका स्टुडिओत गेले, म्हणजे शेवटी गिरणीत परत. 2024 च्या 'इट बेकन्स अस ऑल'मध्येही तीच चाल. जुने चाहते कुरकुरतात की पहिल्यासारखं राहिलं नाही. मलाही रात्री लावायचा असला तर हात 1994 कडेच जातो.

गावची गिरण आता बंद आहे. आईनं मागच्या दिवाळीआधी घरघंटी घेतली, लाकडी कपाटासारखी दिसते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. परवा ती चालू करून मी शेजारी उभा राहिलो. पट्ट्याचा टप् नाही, पण गुणगुण आहे, आणि थोड्या वेळानं तिच्यातून ती चार-पाच स्वरांची धार निघालीच. मी नकळत तोंडानं धरली.

"काय रे पुटपुटतोयस?" आई म्हणाली. "आणि जाळी बदललीस का? डाळ बेसनाच्या लाडवासाठी आहे. जाडसर हवं."

मी घरघंटी बंद करून जाळी शोधायला लागलो.