बाबांचा टेस्टर आणि चोवीस व्होल्ट

न्यू जर्सीतलं आमचं घर साठच्या दशकातलं. हॉलच्या भिंतीवर हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट होता, हेन्री ड्रायफस यांनी डिझाइन केलेला आणि १९५३ पासून अमेरिकेत घरोघरी दिसणारा. काम चोख करायचा. पण यंदा आई-बाबा सांगलीहून हिवाळाभर राहायला आले आणि दोघांनाही त्यावरचे बारीक आकडे दिसेनात. आईला थंडी वाजली की ती तबकडी थेट ८० अंश फॅरनहाइटवर नेई, म्हणजे घर लवकर तापेल. म्हणून तो काढून स्क्रीनवाला नवा थर्मोस्टॅट बसवायचं ठरवलं.

तसं होत नाही. आमच्यासारख्या साध्या गॅस फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीला, चालू आणि बंद एवढंच कळतं. ६८ वर ठेवा नाहीतर ८० वर, ज्वाला तेवढीच असते. ८० वर ती जास्त वेळ जळत राहते, एवढंच. थर्मोस्टॅट हे तापमान बघून आपणहून चालू-बंद होणारं बटण आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की तो बदलायची भीती निम्मी कमी होते.

जुन्याचं झाकण काढल्यावर बाबा बराच वेळ बघत राहिले. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि तिच्या टोकाला पारा भरलेली काचेची छोटी कुपी. गारवा वाढला की गुंडाळी हलते, कुपी कलते, पारा एका टोकाला घरंगळतो आणि दोन तारा जोडल्या जातात. खाली तळघरात फर्नेस सुरू!

बाबा एमएसईबीत लाइनमन होते. कुठेही गेले तरी खिशात टेस्टर असतोच. त्यांनी तो R च्या, म्हणजे सप्लायच्या तारेच्या, स्क्रूला लावला. दिवा लागला नाही. "सप्लाय नाही गं यात." मी मल्टिमीटर R आणि W (गरम हवेची तार) वर धरला, आकडा २६ व्होल्टच्या आसपास. इथे फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर १२० चे २४ व्होल्ट करून वर पाठवतो, आणि एवढ्याशा व्होल्टेजवर टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटतच नाही. म्हणून या कामात टेस्टरवर विसंबू नका, मीटर घ्या. आणि झाकणाखाली दोन-चार जाडजूड तारा दिसल्या, तर तो बहुधा १२० किंवा २४० व्होल्टचा हीटर असतो. त्याला हा थर्मोस्टॅट चालत नाही, तिथे हात लावू नका.

तळघरातला फर्नेसचा स्विच बंद केला आणि तारा सोडवण्याआधी फोटो काढला. तारांच्या रंगावर जाऊ नका, ती कुठल्या अक्षराखाली आहे ते बघा. आमच्याकडे W वर हिरवी तार होती आणि G वर पांढरी! R सप्लायची, W गरम हवेची, Y एसीची, G पंख्याची. प्रत्येक तारेला अक्षराची चिठ्ठी चिकटवली.

खरी अडचण C ची, म्हणजे परतीच्या तारेची. पाऱ्याच्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागत नव्हती. नव्याला स्क्रीन आणि वायफायसाठी ती सतत लागते, आणि त्यासाठी ही तार हवी. भिंतीच्या भोकातून केबल थोडी ओढली तर मागे निळी तार न वापरता गुंडाळून ठेवलेली! खाली फर्नेसच्या बोर्डाजवळही तिचं दुसरं टोक मोकळंच होतं. ते C ला जोडलं. इथे घाई नको, कारण चालू असताना R आणि C एकमेकांना लागल्या तर बोर्डावरचा फ्यूज उडतो.

बाबांच्या एक गोष्ट लक्षात आली, माझ्या आली नसती. त्या भोकातून गार हवा येत होती. ती सेन्सरवर आली तर घर उबदार असूनही थर्मोस्टॅट फर्नेस चालवत राहणार. त्यांनी भोक पुट्टीने बुजवलं आणि मगच मला प्लेट बसवू दिली.

आता सकाळी सहाच्या आधी घर ७० ला येतं, रात्री ६४ वर उतरतं. आकडे आईला सोफ्यावरून दिसतात.

जुना थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका. त्या एका कुपीत साधारण ३ ग्रॅम पारा असतो, तापमापीपेक्षा कितीतरी जास्त. आमचा झिपलॉकच्या पिशवीत, कापडात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलाय. काउंटी घातक कचरा गोळा करते त्या दिवशी तो नेऊन द्यायचा आहे.