सिंहगड, अकरावा आठवडा: वाक्य पूर्ण होतंय

रविवारची नोंद आधी देते, कारण ती लिहायला हात शिवशिवताहेत. गडाच्या पायथ्याच्या गोळेवाडी नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सायकलवर १ तास ४ मिनिटं. ऑक्टोबरमध्ये हाच चढ मला १ तास १९ मिनिटं लागला होता. एकूण वेळेपेक्षा मला जास्त आनंद झालाय तो त्या वेळेच्या वाटणीचा. तेव्हा पहिला अर्धा चढ ३४ मिनिटांत आणि दुसरा ४५ मिनिटांत. या वेळी ३३ आणि ३१.

मधल्या अकरा आठवड्यांत मी फार काही अवघड केलेलं नाही. बहुतेक वेळ गप्पा मारत सायकल चालवली आहे, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे.

आमच्या ग्रुपमध्ये सगळे ज्यांना काका म्हणतात ते बँकेतून निवृत्त झालेत, वय त्रेसष्ट. एका वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) पूर्ण करून सुपर रँदोनियर झालेत. ऑक्टोबरच्या त्या सिंहगडानंतर मी वर धापा टाकत बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "आठवड्यातून सावकाश किती वेळा चालवतेस?" मी म्हटलं, सावकाश कशाला चालवायची? मंगळवार असो की शनिवार, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत माझी छाती भात्यासारखी चालायची. त्यालाच मी सराव समजत होते.

काकांचा नियम एका ओळीचा आहे: वाक्य पूर्ण झालं पाहिजे. ते शेजारी येतात आणि साधा प्रश्न विचारतात. काल भाजी काय केली होती? उत्तराचे तुकडे पडायला लागले की म्हणतात, "एक गिअर हलका कर." खडकवासल्याच्या रस्त्यावर मी त्यांना मसालेभाताची अख्खी कृती सांगितली आहे. तांदूळ धुवून निथळत ठेवण्यापासून वरच्या ओल्या खोबऱ्यापर्यंत.

यामागे शरीराचं गणित आहे. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास जोरात चालावा लागतो आणि बोलण्यासाठी तो रोखणं जमत नाही. जिथे सहज बोलणं तुटतं, ती जागा याच मर्यादेजवळची, म्हणजे श्वसनाच्या पहिल्या उंबरठ्याजवळची असते. त्याच्या खाली राहून तासन्‌तास चालवलं की स्नायू चरबीतून ऊर्जा घ्यायला सरावतात, त्यांतली मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं. त्यासाठी पायडलवरची ताकद मोजणारा पॉवर मीटर हवाच असं नाही. माझ्याकडे तो नाही.

एकटी असले की मी पाढे म्हणते, मोठ्यानं. एकोणिसाचा पाढा एकापासून दाहेपर्यंत, मध्ये श्वासासाठी न अडखळता. हे मंगळवार-गुरुवारचं. पहाटे तासभर, अजिबात घाई न करता. सुरुवातीला सपाट रस्त्यावर ताशी २२ किलोमीटरला माझे हृदयाचे ठोके मिनिटाला १५२ असायचे. आता २४ ला १३८ आहेत.

सहाव्या आठवड्यात मात्र माझा तोल गेला. बोपदेव घाटात आमचा सगळ्यात धाकटा गडी (इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अंगावर मांस नावाला नाही) शेजारून गेला आणि म्हणाला, "ताई, वर चहा सांगून ठेवतो." मी सुटले त्याच्या मागे. माथ्यावर माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ, चाळीस सेकंदांनी. पुढचे तीन दिवस पायांत शिसं भरलेलं. मंगळवारची राइड गेली, गुरुवारची गेली. काकांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "बोपदेव सोमवारीही तिथंच असतो." त्यानंतर जोरात चढायचं ते आठवड्यातून एकदाच, शनिवारी, आणि तेही आधी ठरवून.

दुसरा बदल गिअरचा. माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते २८ दातांची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, होता. ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८) पायडल एकदा फिरलं की सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. सिंहगडाच्या तीव्र टप्प्यात माझा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला जेमतेम ५२ फेरे. त्या कॅडेन्सला (पायडलच्या गतीला) सगळा भार गुडघ्यावर येतो. आता मागे ११-३४ आहे. ३४-३४ वर एका फेऱ्यात २.१ मीटर, म्हणजे त्याच वेगाला ६३ फेरे. चढ तोच, ताकद तेवढीच, पण प्रत्येक फेऱ्याला पाय कमी दाबावा लागतो. पहिल्या दिवशी धाकट्यानं मागचं चाक निरखून विचारलं, "ताई, ही कॅसेट आहे की पोळपाट?" आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टर त्याला म्हणाल्या, "वयाची चाळिशी आली की तूही पोळपाट लावशील, तेव्हा ताईंकडूनच नंबर विचारून घे."

कोणी बदलणार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलणारा हवा. लांब किंवा मध्यम केजचा (केज म्हणजे त्याच्या दोन पुली धरणारा सांगाडा) असेल तर बहुधा चालतो, आखूड केजचा असेल तर नाही. आणि चेनची लांबी. मला दोन कड्या वाढवून लागल्या. दुकानातून सायकल आणल्यावर सगळ्यात मोठ्या चकतीवर घरघर येत होती. तिथं बी-स्क्रू फिरवलाच नव्हता, त्यामुळे डिरेलरची वरची पुली चकतीला घासत होती. मला राग आला, कारण अशानं घाटात चेन अडकू शकते. शेवटी काकांच्या पार्किंगमध्ये बसून मीच तो फिरवला, पुली आणि चकतीत पाच-सहा मिलिमीटर अंतर येईपर्यंत. आता तेवढ्यासाठी कुणाकडे जाणार नाही.

रविवारचा आमचा आवडता फेरा म्हणजे बोपदेव, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ आणि जुन्या कात्रज घाटातून परत. घरापासून ऐंशीच्या आसपास भरतो. सासवडला दर वेळी तोच वाद: मिसळ की पोहे. मी पोह्यांच्या बाजूची. पुढे साठ किलोमीटर असताना तर्रीवर विश्वास ठेवणं मला पटत नाही. धाकटा दोन्ही खातो आणि वर जिलबी मागतो. या दिवसांत पुरंदरचे अंजीर रस्त्याकडेला टोपलीत मिळतात. ते मात्र सगळे थांबून घेतात. एनर्जी जेल माझ्या पोटाला मानवत नाही. त्यामुळे खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर, आणि दर चाळीस मिनिटांनी थोडं, भूक लागायची वाट न बघता.

नवव्या आठवड्यात केतकावळ्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. एका चाकाभोवती पाच माणसं आणि सहा मतं. एकानं ट्यूब बदलून टाक म्हटलं, दुसऱ्यानं आधी कारण शोध म्हटलं. दुसऱ्याचं बरोबर होतं. टायर आतून बोटानं चाचपडला तर केसाएवढी तार टोचली. ट्रकचे टायर फुटतात त्यांतल्या या तारा हमरस्त्यावर सगळीकडे पडलेल्या असतात. बाहेरून दिसत नाहीत आणि नवी ट्यूबही लगेच भोसकतात. नखानं निघेना. मग डॉक्टरांनी सॅडल बॅगेतून चक्क चिमटा काढला आणि एका झटक्यात तार बाहेर. "भूल न देता," त्या म्हणाल्या. त्या भूलतज्ज्ञ आहेत. तेव्हापासून आमच्यातल्या प्रत्येकाच्या बॅगेत चिमटा आहे. तुम्हीही ठेवा, वजन काहीच नाही.

कापूरहोळला परतीचा पुणे-सातारा हमरस्ता लागला की गप्पा बंद. एका रांगेत, समोरचा वारा पुढचा झेलणार, दोन-तीन मिनिटांनी तो बाजूला होऊन मागे येणार. बोलायचं ते एवढंच: "खड्डा!", "डावीकडे!", "मागून गाडी!" जुन्या कात्रजच्या बोगद्यात शिरण्याआधी सगळ्यांचे दिवे लागतात, आणि आत गेल्यावर धाकटा एकदा जोरात ओरडून घेतो. पूर्वी मला ते पोरकट वाटायचं. हल्ली मीही ओरडते.

परवाचा सिंहगड. पहाटे पाचला निघालो. खडकवासल्याच्या पाण्यावर धुकं होतं आणि धरणाच्या भिंतीपाशी इतका गारठा की बोटांना ब्रेक लागेनात. नाक्यावर घड्याळ सुरू केलं. पहिले तीन किलोमीटर मी मुद्दाम मागे राहिले. धाकटा वळणाआड गेला तरी पायांचा जोर वाढवला नाही. काकांनी विचारलं, "मुलीची परीक्षा कधी?" मी म्हटलं, "सोळाला सुरू होतेय, पहिला पेपर गणिताचा, आणि ती म्हणतेय की अभ्यास झालाय." वाक्य पूर्ण झालं. काका काही न बोलता पुढे बघू लागले. मी समजले की आता थोडं वाढवायला हरकत नाही.

निम्म्या चढानंतर शब्द दोन-दोनच निघत होते, पण ते मी ठरवून होऊ दिलं होतं. ऑक्टोबरमध्ये ज्या तीव्र वळणावर मी उतरून उभी राहिले होते, तिथं कठड्यावर चार माकडं बसली होती. त्यांच्यासमोरून मी बसल्या बसल्या, ३४-३४ वर, श्वास मोजत गेले. शेवटच्या किलोमीटरला पायांत अजून काहीतरी शिल्लक आहे हे कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वर गेल्यावर मडक्यातलं दही खाल्लं, दोन मडकी.

आता पुढचं लक्ष्य पहिली २०० ची ब्रेव्हे. मुदत साडेतेरा तासांची. थांबे धरून सरासरी ताशी १५ पेक्षाही थोडी कमी चालते. चालता वेग २० धरला तर दहा तास सायकलवर आणि साडेतीन तास खाणं, पंक्चर, वाटेतल्या तपासणीच्या थांब्यांवर कार्डावर घ्यायचे शिक्के यांच्यासाठी. मला हे जमेल असं पहिल्यांदाच मनापासून वाटतंय. दही खाताना याच गोष्टी चालल्या होत्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे नाशिकच्या महाजन बंधूंचा विषय काढला. हितेंद्र आणि महेंद्र, दोघेही डॉक्टर, दवाखाना सांभाळून २०१५ मध्ये दोघांच्या संघानं रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. काकांच्या मनात २०२७ चं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, फ्रान्समधली ब्रेव्हे, १२०० किलोमीटर, नव्वद तास. त्यासाठी त्या वर्षीची सगळी ब्रेव्हे मालिका पुन्हा करावी लागेल. "व्हिसाची रांग सगळ्यात मोठा चढ," असं ते म्हणाले, पण डायरीत तारखा लिहून ठेवल्यात हे मी पाहिलंय.

या रविवारी पुरंदरचा फेरा, पहाटे सव्वापाच, नेहमीच्या चौकात. अंजिरांसाठी पिशवी मी आणतेय. काकांनी आत्ताच विचारलंय, "मसालेभातात गोडा मसाला नेमका कधी घालतेस, ते त्या दिवशी राहिलं." उत्तर बोपदेवच्या चढावर द्यायचं आहे.