सरदारशिपची तोंडी परीक्षा: माझा अनुभव

भूमिगत कोळसा खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे आपल्या भागातली सुरक्षा तपासणारा पर्यवेक्षक, व्हायचं, तर खाणीतल्या अनुभवासोबत दोन कागद लागतात: प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि गॅस टेस्टिंगचं. परीक्षा खाण सुरक्षा महानिदेशालयाची, म्हणजे आमच्या भाषेत डीजीएमएसची. प्रथमोपचाराचं काम लवकर उरकलं. अर्ज, अनुभवाचा दाखला, सह्या वगैरे सगळीकडे असतं तसंच.

खरा घाम काढला गॅस टेस्टिंगने. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की स्फोट होऊ शकतो, हे पाठ असतं. पण खाणीतल्या सुरक्षा दिव्याची ज्योत अगदी बारीक करून, दिवा सावकाश छताकडे नेऊन, ज्योतीवरची फिकट निळी टोपी ओळखायला नजर बसावी लागते. मिथेन हलका, छताला चिकटून राहतो, त्यामुळे दिवा हळूहळूच वर न्यायचा. ज्योत लांबली तर दचकून झटका द्यायचा नाही, तसाच हळू खाली आणायचा. उलट जमिनीलगत ज्योत मंदावली, तर तिथे काळा वायू, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेली जड हवा, साचलेला. सव्वा टक्का गॅस दिसला की तिथली वीज बंद, यावर चर्चा नाही.

तोंडी परीक्षेत मात्र गॅसपेक्षा छतावर जास्त खेचलं. ‘छत कसं तपासशील?’ मी सांगितलं: टेकू लावलेल्या छताखाली उभं राहून, एका हाताची बोटं छताला लावून दुसऱ्या हातातल्या सळईने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, भदभद वाजलं आणि बोटांना थरथर जाणवली तर सैल. लगेच पुढचा प्रश्न: ‘आवाज चांगला आला, तर टेकू नको?’ नाही साहेब, ठरलेल्या अंतरावर टेकू लागणारच. जाड थर एकसंध सुटत असेल, तर तोही खणखणीत वाजू शकतो.

मग जुन्या, पाणी भरलेल्या कामापासून, म्हणजे सोडून दिलेल्या खोदकामापासून, किती लांब राहायचं? 60 मीटर, त्याच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. इथे परीक्षकांनी 1975ची, खाणीत पाणी घुसल्याची चासनाला दुर्घटना काढली, आणि मेघालयातलं क्सानही: डिसेंबर 2018मध्ये तिथल्या उंदीर-बिळासारख्या खाणीत पाणी घुसून 15 कामगार अडकले. तशा खाणकामावर हरित लवादाने 2014मध्येच बंदी घातली होती, तरी कोळसा निघतच होता. असल्या खाणीत कोण नकाशा ठेवतो? शेजारचं जुनं काम कुठे संपतं, हे कागदावर नसेल तर 60 मीटर मोजायचे तरी कुठून, हा माझा प्रश्न त्यांना आवडला असावा. निदान पुढचा प्रश्न सौम्य होता.

पास झालो. पाळी सुरू होण्याआधीच्या तपासणीत मी आधी जुन्या कामाकडची बाजू बघतो, कुठे नवं पाणी पाझरतंय का ते; बाकीच्या गॅलऱ्या, म्हणजे खाणीतले बोगदे, त्यानंतर.