वु-टँगचा पहिला अल्बम, परत एकदा

काल रात्री हेडफोन लावून वु-टँग क्लॅन या रॅप ग्रुपचा पहिला अल्बम परत सुरुवातीपासून ऐकला, आणि आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. 'एंटर द वु-टँग', नोव्हेंबर १९९३. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचं नाव तोपर्यंत रॅपमध्ये फारसं कोणी घेत नव्हतं, आणि तिथून हे नऊ जण आले ना, तर पोरांनी आपल्या बेटाचं नावच शाओलिन ठेवलं, कुंगफू पिक्चर बघून बघून!

सगळा खेळ रिझाचा, ग्रुपचं संगीत त्याचंच. ड्रम धुळकट, आवाज खरखरीत, मधेच जुन्या कुंगफू पिक्चरचे डायलॉग आणि तलवारींचा खणखणाट. 'क्रीम' गाण्यातला तो पियानो १९६७ च्या एका सोल गाण्यातून उचललाय, चारच सेकंद ऐका, गल्लीतली थंडी अंगावर येते. त्यावर ग्रुपमधले रेक्वॉन आणि मग इन्स्पेक्टा डेक आपलं लहानपण सांगतात, डेक तर पंधराव्या वर्षी जेलमध्ये गेलो म्हणतो, आवाज जराही न चढवता, आणि तिथेच माझ्या घशात काहीतरी अडकतं, दरवेळी.

ग्रुपमधल्याच मास्टा किलाला अख्ख्या अल्बममध्ये एकच व्हर्स (रॅपचं कडवं) मिळालाय, पण काय व्हर्स आहे राव!

आणि डील बघा, ग्रुप लाउड रेकॉर्ड्सकडे, पण प्रत्येकाला सोलो अल्बम दुसऱ्या कंपनीकडे करायची मोकळीक, म्हणून मग मेथड मॅन डेफ जॅमकडे, जिझा गेफनकडे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम जपून ठेवायच्या यादीत घेतला, मला खूप भारी वाटलं. आता ग्रुपमधल्याच ओल डर्टी बास्टर्डचे व्हर्स परत लावतो.